13,000 पौंड ओढणारा ट्रक 7,000 पौंडांच्या ट्रेलरला कमी का पडतो?

दर वर्षी बर्फ वितळू लागला की अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या आसपासच्या मराठी घरांतून एकच विषय ऐकू येतो. मुलं मोठी झाली, भारतातून आई-बाबा यायचेत, यलोस्टोनला नाहीतर मोआबला जायचंय, हॉटेलं परवडत नाहीत आणि आजी-आजोबांना तंबूत जमिनीवर झोपवायचं नाही. मग ट्रॅव्हल ट्रेलर घेऊ या, असं ठरतं. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली. आत पलंग, ओटा, फ्रीज, बाथरूम सगळं असतं, फक्त इंजिन नसतं. ते ओढायला पिकअप ट्रक लागतो. ट्रकच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 13,000 पौंड ओढतो. ट्रेलर भरून 7,000चा. म्हणजे जवळजवळ निम्मी ताकद शिल्लक. मग अडचण कुठे आहे?

अडचण आहे, आणि ती विकत घेतल्यावर कळते. माझ्या एका मित्राने गेल्या वर्षी असाच हिशेब करून ट्रक घेतला. विकणाऱ्याने सांगितलं, "डोळे झाकून ओढेल." त्या ट्रकने ट्रेलर ओढलाही. पण पहिल्याच फेरीत महामार्गावर स्टिअरिंग हलकं लागायला लागलं, समोरून येणारे लोक दिवसाढवळ्या हेडलाइट मारून खुणावू लागले, आणि शेजारून मोठा ट्रक गेला की मागचा ट्रेलर डोलायला लागला. मित्र तिथूनच परत फिरला. संध्याकाळी फोन आला, "दादा, जरा येऊन बघतोस का?"

त्या संध्याकाळी त्याच्या ड्राइव्हवेवर जे बोलणं झालं, तेच इथे सविस्तर लिहितो आहे. आकडे पौंडांतच ठेवतो, कारण इथली सगळी स्टिकरं पौंडांत असतात. एक पौंड म्हणजे साधारण 450 ग्रॅम.

ओढणं वेगळं, मानेवर घेणं वेगळं

मित्राचे वडील तेव्हा वाळव्याहून आले होते. उभं आयुष्य ऊस पिकवलेला माणूस. आम्ही दोघं इंग्रजी शब्दांत गुरफटलो होतो आणि काका बाजूला उभे राहून ट्रकचा खाली बसलेला मागचा भाग बघत होते. मी त्यांना म्हटलं, "काका, बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. बैल चाकांवरचं ओझं ओढतो ते एक, आणि जुवातून त्याच्या मानेवर दाब येतो तो दुसरा." ते लगेच म्हणाले, "म्हंजे गाडी उलाळ बी व्हायला नको, आन् बैलाच्या मानंवर बी बसाय नको."

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. गाडीत मागे जास्त माल भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं, बैलांना गाडी आवरत नाही. पुढे जास्त भरला की सगळा भार मानेवर येतो आणि बैल थकतो, ओढायची ताकद असूनही. ट्रॅव्हल ट्रेलरची चाकंही बैलगाडीसारखी साधारण मध्यावर असतात. त्यामुळे त्याचं काही वजन पुढच्या दांडीवरून ट्रकच्या मागच्या टोकावर उतरतंच. या वजनाला इथे टंग वेट म्हणतात. मी यापुढे 'मानेवरचं वजन' म्हणेन.

ट्रॅव्हल ट्रेलर रस्त्यावर सरळ चालायचा असेल तर त्याच्या भरलेल्या वजनाच्या 10 ते 15 टक्के वजन मानेवर असावं लागतं. कमी असेल तर उलाळ, आणि उलाळ ट्रेलर महामार्गाच्या वेगाला शेपटीसारखा हलतो. म्हणजे हे वजन टाळता येत नाही, ट्रकने ते पाठीवर घ्यायलाच हवं. मित्राच्या ट्रेलरचं भरून वजन 6,800 पौंड. त्याचे 13 टक्के म्हणजे 884 पौंड. घरात पाच मोठी माणसं अचानक डिकीवर येऊन बसावीत, तसं.

दारावरचं स्टिकर

आता ट्रक पाठीवर किती घेऊ शकतो ते बघायचं. ड्रायव्हरचं दार उघडलं की दाराच्या खांबावर एक पांढरं-पिवळं स्टिकर दिसतं. टायरमध्ये हवा किती भरायची ते त्यावर असतं, आणि त्याच्या वर एक ओळ असते: माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त होता कामा नये. या आकड्याला पेलोड म्हणतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक पिकअपवर ही ओळ असते, आणि ती त्या मॉडेलची नसते, त्या एका ट्रकची असते. शेजारी उभ्या असलेल्या तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या ट्रकवर आकडा वेगळा निघू शकतो.

अंधारून आलं होतं. मोबाइलच्या उजेडात वाचलं: 1,480.

मित्र म्हणाला, "हे काय, 13,000 कुठे गेले?"

मग आम्ही मागच्या एका पावतीवर बेरीज मांडली. मानेवरचं वजन 884. ट्रेलर जोडायचा जो लोखंडी सांगाडा ट्रकला लागतो, म्हणजे हिच, त्याचे 90. उरले 506. नवरा-बायको आणि दोन मुलं मिळून 460. उरले 46. काका-काकूंचे 280 अजून धरलेच नव्हते. शिवाय मागच्या हौद्यात कूलर, छोटा जनरेटर, घडीच्या खुर्च्या, मुलांच्या सायकली, सगळं मिळून दीडशेच्या घरात. म्हणजे ट्रक घरातून निघण्याआधीच मर्यादेच्या 384 पौंड पुढे गेलेला. ओढायच्या ताकदीतली जवळजवळ निम्मी शिल्लक होती आणि पाठीवर घ्यायची ताकद संपून गेली होती.

दोन गोष्टींत लोकांचा गोंधळ होतो. भरलेली इंधनाची टाकी या आकड्यात आधीच धरलेली असते, ती पुन्हा मोजू नका. पण ड्रायव्हर धरलेला नसतो, त्याचं वजन मोजावंच लागतं. आणि ट्रक घेतल्यावर बसवलेल्या गोष्टी, म्हणजे हौद्यावरचं झाकण, पायऱ्या, अवजारांची पेटी, या सगळ्यांचं वजन त्या आकड्यातून वजा होतं.

मग जाहिरातीतला आकडा येतो कुठून?

तो खोटा नसतो. वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने जे-2807 नावाची एक चाचणी ठरवून दिली आहे. आधी प्रत्येक कंपनी स्वतःच्या पद्धतीने आकडा काढायची. 2011च्या टुंड्रापासून टोयोटाने ही चाचणी सगळ्यांत आधी स्वीकारली, पुढच्या काही वर्षांत बाकीच्या मोठ्या कंपन्याही आल्या. ॲरिझोनात डेव्हिस धरणाजवळून वर जाणारा साडेअकरा मैलांच्या आसपासचा घाट, किमान 100 अंश फॅरनहाइट उन्हाळा, एसी पूर्ण चालू, आणि मागे ट्रेलर घेऊन ट्रकचा वेग ताशी 40 मैलांच्या खाली जाता कामा नये. इंजिन, गिअर आणि रेडिएटरची ही खरीखुरी परीक्षा आहे.

पण या परीक्षेत ट्रकमध्ये माणसं किती असतात? दोन, प्रत्येकी 150 पौंडांची. मानेवरचं वजन ट्रेलरच्या 10 टक्के, म्हणजे कमीत कमी. आणि जाहिरातीत मिरवतो तो सर्वांत मोठा आकडा त्या मॉडेलच्या एखाद्याच हलक्या, साध्या रूपाला लागू असतो. त्यात चामडी सीट, काचेचं छत, पुढच्या-मागच्या चाकांना मिळून ताकद देणारी यंत्रणा, मोठी चाकं घातली की ट्रकचं स्वतःचं वजन वाढतं आणि तेवढंच पेलोडमधून जातं. आपले लोक शोरूममध्ये साहजिकच चांगलं, सगळ्या सोयींचं रूप निवडतात. सोयी वाढतात तसा दारावरचा आकडा खाली येतो. माझ्या मते ट्रक घेताना विचारायचा पहिला प्रश्न हाच: "दार उघडून दाखवता का?" किमतीचं बोलणं त्यानंतर.

'अर्धा टन'चा ट्रक म्हणजे काय

इथे ट्रकांचे तीन गट मानतात: अर्धा टन, पाऊण टन, एक टन. फोर्डचा एफ-150, शेव्हीचा सिल्व्हराडो 1500, रॅम 1500, टोयोटा टुंड्रा हे अर्ध्या टनाचे. एफ-250 किंवा 2500 आकड्याचे पाऊण टनाचे, आणि एफ-350, 3500 हे एक टनाचे. फार पूर्वी हा आकडा म्हणजे खरोखरच पाठीवरचं वजन असायचं, आता फक्त नाव उरलं आहे. आजचा अर्ध्या टनाचा ट्रक 1,300 ते 2,000 पौंडांपर्यंत, कधी त्याहून जास्त घेतो. पेट्रोलवरचे पाऊण टनाचे बरेचसे ट्रक 2,500 ते 3,500च्या दरम्यान.

ट्रेलरच्या बाजूवर कधी कधी 'अर्ध्या टनाला चालेल' असं लिहिलेलं असतं. त्यामागे कुठलंही प्रमाण नाही. ते विक्रीचं वाक्य आहे.

ट्रेलरचं रिकामं वजन विसरा

ट्रेलरच्या कागदावर दोन वजनं असतात. एक रिकामं, कारखान्यातून निघालं तेव्हाचं. दुसरं जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे सगळं भरून जास्तीत जास्त किती व्हायला परवानगी आहे ते. विकणारा पहिलं सांगतो, हिशेब दुसऱ्याने करावा.

रिकाम्या वजनात पाणी नसतं. एक अमेरिकन गॅलन पाणी 8.3 पौंडांचं, म्हणजे 40 गॅलनची टाकी भरली की 332 पौंड झाले. बॅटरी बहुधा धरलेली नसते, गॅसचे सिलिंडर नसतात. वीस पौंडी म्हणतात तो प्रोपेनचा सिलिंडर टाकीसकट 37 पौंडांच्या आसपास भरतो, आणि असे दोन अगदी पुढच्या दांडीवर, म्हणजे थेट मानेवर बसतात. मग आपलं स्वयंपाकघर. वहिनींनी, म्हणजे मित्राच्या बायकोने, ओट्याखालचं कपाट उघडून दाखवलं: वीस पौंडांची तांदळाची गोणी, दोन कुकर, लोखंडी तवा, पोळपाट, डाळींचे डबे, मिक्सर आणि स्टीलची ताटं, कारण काका कागदाच्या ताटात जेवत नाहीत. त्यात काही चूक नाही. ट्रेलर घेतात तेच घरच्यासारखं राहता यावं म्हणून. पण हे सगळं मिळून हजार पौंड सहज होतात, ते गृहीत धरा. ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर घ्या, त्याचे 13 टक्के काढा, आणि तेवढं मानेवर येणार असं समजून चाला.

म्हणून क्रमही उलटा ठेवा. आधी ट्रेलर ठरवा, मग ट्रक. घरात ट्रक आधीपासून असेल तर दारावरच्या आकड्यातून घरची माणसं आणि हौद्यातलं सामान वजा करा, हिचचे शंभर वजा करा. जे उरेल ते तुमच्या मानेची ताकद, आणि ट्रेलर त्या मापाचा शोधा.

मागे सिलिंडर बांधलेली स्कूटर

आता समोरचे लोक हेडलाइट मारून काय सांगत होते ते बघू.

लहानपणी स्कूटरच्या मागच्या सीटवर गॅसचा सिलिंडर बांधून कोणी आणला असेल तर आठवेल, हँडल कसं हलकं, रिकामं लागतं. ट्रेलरचा बॉल म्हणजे ज्यावर ट्रेलरची दांडी बसते तो लोखंडी गोळा. तो ट्रकच्या मागच्या चाकांच्याही सुमारे चार फूट मागे असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर साधारण बारा फूट. म्हणजे मागचं चाक हा टेकू झाला. बॉलवर 884 पौंड ठेवले की तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरून त्याचा एक तृतीयांश, जवळजवळ 300 पौंड उचलले जातात. आणि मागच्या कण्यावर, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, 884 नाही, तर 884 अधिक 300, म्हणजे 1,180च्या आसपास भार येतो. मागचा भाग बसला, पुढचा उचलला, हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत गेला, आणि ज्या चाकांनी वळायचं आणि मोठा वाटा ब्रेकचा उचलायचा तीच हलकी झाली. सांगली-कोल्हापूरकडे उसाने भरलेली ट्रॉली चढावर ओढताना ट्रॅक्टरचं तोंड वर उचललेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

यावर उपाय आहे, त्याचं नाव वेट डिस्ट्रिब्यूशन हिच. वजन वाटून देणारी हिच. हिचपासून ट्रेलरच्या दांडीखालून मागे जाणाऱ्या दोन पोलादी पट्ट्या असतात. त्या साखळीने किंवा कंसाने वर ताणून बसवल्या की त्या ट्रकचा मागचा भाग वर उचलायला बघतात, जणू कोणी हातगाडीची मूठ धरून उचलतंय. मग मागच्या कण्यावरचा थोडा भार पुढच्या चाकांकडे परत जातो आणि थोडा मागे ट्रेलरच्या चाकांकडे. ट्रक पुन्हा सपाट होतो. सपाट दिसणारा ट्रक मर्यादेत असेलच असं मात्र नाही, हे लक्षात ठेवा.

अर्ध्या टनाच्या ट्रकला 25 फुटांचा ट्रेलर जोडायचा तर ही हिच हवीच. ट्रकच्या मागच्या बंपरखाली जो चौकोनी खाचेचा भाग असतो, रिसीव्हर, त्याच्यावरही एक स्टिकर असतं. त्यावर दोन जोड्या आकडे असतात, अशी हिच लावली तर किती आणि नाही लावली तर किती. काही अर्ध्या टनाच्या ट्रकांवर हिच नसताना ट्रेलर 5,000 आणि मानेवर फक्त 500 एवढीच परवानगी असते. वाकून ते स्टिकर वाचणारे फार थोडे.

मित्राच्या ट्रकला ही हिच होती, पण विकताना कोणीतरी घाईत बसवली होती, पट्ट्या जेमतेम ताणलेल्या. हिच बसवून घेतली म्हणजे झालं, असं नसतं. ट्रेलर भरल्यावर पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची तीनदा मोजायची: ट्रेलर न जोडता, जोडून पट्ट्या न लावता, आणि पट्ट्या लावून. पट्ट्या लावल्यावर पुढची उंची मूळ उंचीकडे किती परत यायला हवी ते ट्रकच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. टेप लागते आणि वीस मिनिटं.

डोलणं

मोठा ट्रक शेजारून जातो तेव्हा त्याच्या पुढच्या हवेचा धक्का ट्रेलरच्या शेपटीला आधी बाहेर ढकलतो, मग आत ओढतो. ट्रेलर आठ फूट रुंद आणि दहा फुटांहून उंच, म्हणजे चालती भिंत. (म्हणूनच बऱ्याच ट्रकांच्या पुस्तिकेत वजनाशिवाय ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाचीही मर्यादा दिलेली असते.) मानेवर पुरेसं वजन असेल तर एक-दोन झोक्यांत डोलणं शमतं. कमी असेल तर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो.

त्यासाठी सामान लावताना जड वस्तू चाकांच्या थोड्या पुढे आणि खाली ठेवा. ट्रेलरच्या मागच्या टोकाला सायकलींचा स्टँड लावणं म्हणजे हाताने गाडी उलाळ करणं. डोलणं थोपवणाऱ्या घर्षणाच्या पट्ट्या हिचसोबत येतात, त्या घ्याच, पण चुकीच्या भरण्यावर ते औषध नाही.

आणि डोलायला लागलाच तर? पाय आपोआप ब्रेकवर जातो, तिथेच घात होतो, कारण ट्रक थांबतो आणि मागून ट्रेलर ढकलतो. पाय ॲक्सिलरेटरवरून हळूच काढा, स्टिअरिंग सरळ धरा, उलटसुलट फिरवू नका, आणि हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक दाबा. ते दाबायला एक वेगळी वस्तू लागते.

घाट उतरताना

ती वस्तू म्हणजे ब्रेक कंट्रोलर. ट्रेलरला स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक असतात. बहुतेक राज्यांत 3,000 पौंडांच्या वर ते कायद्यानेच लागतात. ट्रकने ब्रेक लावला की किती जोराने लावला ते बघून कंट्रोलर ट्रेलरच्या ब्रेकला तेवढी वीज पाठवतो. बऱ्याच नवीन ट्रकांत तो डॅशबोर्डवर कारखान्यातूनच येतो, नसला तर वेगळा बसवता येतो. घेताना ब्रेकच्या जोराप्रमाणे चालणारा घ्या. ठरावीक वेळाने वीज वाढवणारे स्वस्त असतात, पण त्यांचा झटका बसतो. ट्रक आणि ट्रेलर जोडणारी सात पिनांची वायर त्यासाठीच. त्याच्या शेजारी एक बारीक केबल असते. ट्रेलर सुटलाच तर ती केबल ट्रेलरवरची एक पिन खेचते आणि ट्रेलर स्वतःच ब्रेक लावतो. ती साखळीला न अडकवता थेट ट्रकला बांधा. आणि साखळ्या दांडीखाली एकमेकींना ओलांडून लावा, म्हणजे दांडी निसटली तरी झोळीत पडेल.

ब्रेक एकटे पुरत नाहीत. इथून पश्चिमेला आय-70 महामार्गाने गेलं की आयझेनहॉवर बोगदा लागतो, 11,000 फुटांहून उंचावर. बोगद्याच्या पश्चिम तोंडापासून सिल्व्हरथॉर्नपर्यंत रस्ता आठ-नऊ मैलांत दोन हजार फुटांहून जास्त उतरतो. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला बारीक खडीचे चढ करून ठेवलेले आहेत, त्यावरूनच काय ते समजावं. कसारा किंवा खंबाटकी उतरणारे एसटीचे चालक जे करतात तेच इथे करायचं: गाडी गिअरवर उतरवायची, ब्रेकवर नाही. ट्रकमध्ये टो-हॉल नावाचं बटण असतं, ते दाबलं की गिअरबॉक्स खालचा गिअर धरून ठेवतो. उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करा. मधूनमधून घट्ट, थोडा वेळ ब्रेक लावा, सोडा. सतत पाय टेकवून ठेवला की ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत.

चढावर उंचीचा प्रश्न. साधं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण 3 टक्के ताकद गमावतं, म्हणजे बोगद्याशी पोहोचेपर्यंत तीस टक्क्यांच्या आसपास. टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारं यंत्र, असलेलं इंजिन ही झीज बरीच भरून काढतं. डोंगरात राहणाऱ्यांनी टर्बो घ्यावा असं मी सांगतो. सपाट टेक्ससमध्ये त्याची तेवढी निकड नाही.

"मग सरळ पाऊण टनाचाच घेऊ का?"

ट्रेलर 7,000च्या पुढे आणि घरात सहा माणसं असतील तर होय, माझं स्पष्ट मत तेच. पण त्याची किंमत नीट बघा. रिकामा चालवताना तो खडबडीत लागतो, बऱ्याच घरांच्या गॅरेजमध्ये मावत नाही, रोज ऑफिसला न्यायला अवघड. आणि एक उलटीच गोष्ट आहे: डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा बरंच जड असतं. त्यामुळे पाऊण टनाच्या डिझेल ट्रकचं, त्यातही सगळ्या सोयींच्या रूपाचं, पेलोड 2,000च्या आसपास येऊ शकतं, म्हणजे चांगल्या अर्ध्या टनाच्या ट्रकाएवढंच. डिझेलचा जोर आणि घाटात इंजिनाने धरणारा ब्रेक ही मोठी सोय आहे, पण दारावरचं स्टिकर तिथेही वाचावंच लागतं.

"मागे एअरबॅग टाकल्या, जाड टायर टाकले तर?"

मागच्या स्प्रिंगपाशी बसवायच्या या हवेच्या उशा ट्रकचा मागचा भाग वर उचलतात. दिसायला छान दिसतं. पण ट्रकची मर्यादा कणा, चौकट, ब्रेक, चाकं सगळ्यांवरून ठरलेली असते, उशीने ती वाढत नाही. टायरचं थोडं वेगळं: मोटारीच्या जातीच्या मऊ टायरऐवजी ट्रकचे एलटी जातीचे टायर घातले तर डोलणं खरोखर कमी होतं, तो खर्च करण्यासारखा आहे. मर्यादा मात्र तीच राहते. ट्रेलरचे टायर त्याहून महत्त्वाचे, कारण ते झिजण्याआधी जुने होतात. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. पाच-सहा वर्षं उलटली की बदला. आणि यांतल्या बऱ्याच टायरांची कमाल वेगमर्यादा ताशी 65 मैल असते. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्याला 55च्या पुढे जाता येत नाही, आणि खरं म्हणजे तोच वेग सगळीकडे ठेवण्यासारखा आहे.

"आमच्याकडे सात सीटची एसयूव्ही आहे", "इलेक्ट्रिक पिकअप?"

एसयूव्हीलाही तेच स्टिकर, तीच बेरीज. चाकांतलं अंतर कमी आणि स्प्रिंग मऊ असल्यामुळे लांब ट्रेलर तिला जास्त झोके देतो. छोटा, हलका ट्रेलर चालेल. इलेक्ट्रिक पिकअपला जोर मुबलक असतो, पण भिंतीसारखा ट्रेलर ओढताना एका चार्जवरचं अंतर जवळजवळ निम्म्यावर येतं, आणि बऱ्याच चार्जिंगच्या जागा ट्रेलर सोडल्याशिवाय आत शिरता येत नाही अशा आहेत. जवळच्या तळ्यापर्यंत ठीक. पेट्रोलच्या ट्रकाचं मायलेजही निम्म्याच्या आसपास येतं, तो खर्च धरून चला.

"इतके लोक ओढतातच की, कुठे काय होतं?"

हे मला सगळ्यांत जास्त ऐकावं लागतं. बहुतेक दिवशी काही होत नाही, हे खरं आहे. कोरडा रस्ता, सरळ मार्ग, पंचावन्नचा वेग असेल तर मर्यादेपलीकडचा ट्रकही जातो. मर्यादा ठेवलेली असते ती त्या एका दिवसासाठी, जेव्हा उतारावर समोर हरीण येतं, बाजूने वारा सुटलेला असतो आणि मागच्या सीटवर सगळं घर बसलेलं असतं.

काट्यावर

कागदावरची बेरीज झाली तरी खरं वजन काट्यावरच कळतं. महामार्गालगतच्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे आहेत, आणि तिथे कुणीही गाडी घालू शकतं. काकांना काटा म्हटल्यावर कारखान्याचा ऊसकाटा आठवला, तेही बरोबर आले. काट्याला वेगवेगळे पाट असतात: पहिल्यावर ट्रकची पुढची चाकं, दुसऱ्यावर मागची, तिसऱ्यावर ट्रेलरची. बटण दाबून आतल्या माणसाशी बोलायचं, मिनिटभरात आकडे तयार, आत जाऊन पावती घ्यायची. त्याच दिवशी पुन्हा तोललं तर बरंच कमी पैसे घेतात.

सगळी माणसं आत बसलेली, हिचच्या पट्ट्या नीट ताणलेल्या, पाण्याची टाकी भरलेली. पहिली पावती: पुढे 3,020, मागे 4,260, ट्रेलरची चाकं 6,060. ट्रकची एकूण मर्यादा 7,050, आणि पावतीवर ट्रक 7,280. मागच्या कण्याची मर्यादा 4,100. दोन्हीकडे जास्त.

आम्ही ट्रेलर बाजूला लावला. जनरेटर, कूलर आणि खुर्च्या हौद्यातून काढून ट्रेलरमध्ये चाकांच्या बरोबर वर ठेवल्या. सायकली परत न्यायच्या ठरल्या नाहीत, मुलांचे चेहरे बघवले नाहीत, म्हणून त्याही आत पलंगावर आडव्या गेल्या. टाकी चाकांच्या पुढे होती, ती तिथल्या परवानगीच्या जागी पूर्ण रिकामी केली. पाणी मुक्कामावर भरता येतं. काका वाकून ट्रकच्या मागच्या चाकाकडे बघत राहिले, पाणी जाईल तशी कमान बोटभर वर आली ती त्यांनीच आधी पाहिली.

दुसरी पावती: पुढे 3,050, मागे 3,980, ट्रेलर 5,980. ट्रक 7,030.

"किती राहिलं?" काकांनी विचारलं.

"वीस पौंड."

"म्हंजे माझी पिशवी," ते म्हणाले, आणि पायाशी ठेवलेली कापडी पिशवी उचलून ट्रेलरमध्ये ठेवून आले. मित्राने पावती घडी करून वायझरमध्ये खोचली. पुढच्या वर्षी पाऊण टनाचा ट्रक की हलका ट्रेलर, हे त्यांचं अजून ठरायचं आहे. वहिनींचं मत हलक्या ट्रेलरकडे आहे, आणि दारावरचा आकडा घेऊन त्या आता स्वतः ट्रेलर बघायला जातात.